आरोग्य केंद्राचा औषधसाठा: वापरावरून मागणी काढायची रीत

प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध निर्माण अधिकारी (फार्मासिस्ट) म्हणून रुजू झालात की पहिल्या आठवड्यात हातात तीन गोष्टी पडतात: भांडाराच्या किल्ल्या, जाडजूड साठा नोंदवही आणि ई-औषधीचं, म्हणजे औषधसाठ्याच्या सरकारी संगणक प्रणालीचं, लॉगिन. कपाट उघडल्यावर दिसणारं चित्र बहुतेक ठिकाणी सारखंच. एका कप्प्यात दोन वर्षं पुरेल एवढं खोकल्याचं सिरप, आणि शेजारच्या कप्प्यात बीपीच्या गोळीची एकही स्ट्रिप नाही. पैसे खर्च झालेले असतात, मालही आलेला असतो. फक्त तो वरून कुणाच्या तरी अंदाजाने आलेला असतो.

याच्या उलट रीत म्हणजे वापराने माल ओढायचा. रुग्णाने गोळी नेली म्हणून औषध वाटपाच्या खिडकीवरचा डबा रिकामा झाला, डबा रिकामा झाला म्हणून भांडारातून माल निघाला, भांडार खाली आलं म्हणून जिल्ह्याकडे मागणी गेली. जपानच्या टोयोटा या मोटार कंपनीच्या कारखान्यात तिथले अभियंते ताईची ओनो यांनी ही पद्धत बसवली, ती अमेरिकेतल्या सुपरमार्केटची मांडणी डोळ्यांपुढे ठेवून: गिऱ्हाइकाने उचललं तेवढंच मागून भरायचं. औषधांच्या बाबतीत आपल्या देशातलं जुनं उदाहरण तमिळनाडूचं. त्या राज्याने १९९४ साली वैद्यकीय सेवा महामंडळ काढलं आणि प्रत्येक दवाखान्याला पासबुक दिलं. पासबुकातल्या रकमेच्या मर्यादेत, यादीतलं हवं ते औषध, हवं तेव्हा जिल्ह्याच्या गोदामातून उचलायचं.

आपल्याकडे सगळी साखळी अशी चालत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. राज्याची मोठी खरेदी आधी हाफकिन या सरकारी औषधनिर्माण महामंडळाकडे होती, मग २०२३च्या कायद्याने महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आलं. तिथे काय, किती आणि कधी घेतलं जाईल ते तुमच्या हातात नाही. आडातच नसेल तर पोहऱ्यात येणार नाही. पण जिल्हा भांडार ते तुमचं भांडार, तिथून खिडकी, खिडकीतून रुग्ण आणि उपकेंद्र हा शेवटचा टप्पा तुमचा आहे, आणि तुटवड्याचा मोठा हिस्सा याच टप्प्यात तयार होतो.

१. सुरुवातीला हाताशी काय हवं

- साठा नोंदवही, आणि ई-औषधीवरचा आजचा शिल्लक अहवाल. दोन्ही, कारण ते जुळत नसतात.
- ओपीडीची औषध वाटप नोंदवही, निदान मागच्या १२ महिन्यांची.
- मागची मागणीपत्रं आणि त्यावर आलेल्या मालाची व्हाउचरं.
- उपकेंद्रांना दिलेल्या औषधांची नोंद.
- गरोदर मातांची, बीपी-शुगरच्या रुग्णांची आणि श्वानदंशाच्या रुग्णांची यादी. ती आरोग्य सेविकांकडे आणि स्टाफ नर्सकडे मिळते.
- फ्रीजच्या तापमानाची नोंदवही.
- जाड पुठ्ठ्याची कार्डं, स्केचपेन, कॅल्क्युलेटर. एक्सेल येत असेल तर उत्तम, नसेल तर आखलेली वही पुरते.

लसीकरणाच्या लसींचा हिशेब ई-विन या वेगळ्या संगणक प्रणालीवर चालतो आणि क्षयरोगाच्या औषधांचा निक्षय औषधी या प्रणालीवर. त्यांना या वहीत ओढू नका, उगाच दुहेरी काम होतं.

२. चार्ज घेण्याआधी मोजणी

नोंदवहीतली शिल्लक बघून सही करू नका. प्रत्येक औषध हातात घेऊन, बॅचवार, एक्सपायरीसकट मोजा. मोजणी भांडारापुरती ठेवू नका. खिडकीचा खण, ड्रेसिंग रूम, प्रसूतिगृहाचा ट्रे, इमर्जन्सी ट्रे, रुग्णवाहिकेची पेटी आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या टेबलाचा खालचा खण, सगळीकडे औषध असतं. खर्ची पडलेलं, पण प्रत्यक्षात तसंच पडून असलेलं.

बॅचचा घोळ इथेच सापडतो. समजा पॅरासिटामॉलच्या एकाच कंपनीच्या दोन बॅच आहेत, एकीची एक्सपायरी या डिसेंबरची, दुसरीची पुढच्या ऑगस्टची. संगणकावर खर्च टाकणारा यादीतली पहिली बॅच निवडतो, आणि खिडकीवर मात्र पुढे ठेवलेला खोका फुटतो. सहा महिन्यांनी संगणक म्हणतो डिसेंबरची बॅच संपली, आणि कपाटात तिचे चार खोके हसत उभे असतात. एकूण आकडा बरोबर जुळतो, म्हणून ऑडिटमध्येही हे कुणाच्या लक्षात येत नाही. लक्षात येतं ते जानेवारीत.

मोजणीत फरक निघाला तर तो चार्ज रिपोर्टमध्ये औषधाच्या नावानिशी लिहा आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांची सही घ्या. आधीचे सहकारी भले असतात, ओळखीचे असतात, ‘नंतर बघू’ म्हणतात. नंतर कुणी बघत नाही.

कपाट लावताना लवकर संपणारी तारीख पुढे, उशिराची मागे. ‘आधी आलेलं आधी बाहेर’ हा नियम औषधाला पुरत नाही, कारण उशिरा आलेल्या मालाची तारीख कधीकधी आधी संपते.

३. खरा वापर काढा

या लेखातली एकच पायरी करायची असेल तर ही करा. बाकी सगळं गणित हिच्यावर उभं आहे, आणि बहुतेक ठिकाणी नेमकं हेच चुकीचं असतं.

भांडारातून खिडकीवर माल दिला की तो खर्ची टाकायची पद्धत सर्रास आहे. सोमवारी पाच हजार गोळ्या खिडकीवर दिल्या, म्हणजे पाच हजार वापरल्या असं वही सांगते. प्रत्यक्षात त्यातल्या अठराशे रुग्णांना गेल्या, बाकीच्या खणात आहेत. उपकेंद्राचं तेच. जूनच्या मासिक सभेला आलेल्या आरोग्य सेविकेने पावसाळ्याची तजवीज म्हणून ओआरएसची ३०० पाकिटं एकदम नेली, तर तो जूनचा वापर नव्हे. ती पाकिटं सप्टेंबरपर्यंत पुरतील. उलट ऑगस्टमध्ये वहीत शून्य दिसेल, आणि गावात मात्र जुलाबाची साथ असेल.

म्हणून वापर मोजायचा तो रुग्णाच्या हातात पडलेल्या गोळीचा. खिडकीवरची वाटप नोंदवही रोज शेवटी बेरीज करून बंद करा. उपकेंद्राला नवीन माल देताना जुनी शिल्लक विचारा आणि लिहून घ्या. आधीचं दिलेलं वजा आजची शिल्लक, एवढाच त्यांचा वापर. सुरुवातीला सेविका कुरकुर करतात. शिल्लक सांगितली की माल कमी मिळेल अशी त्यांना भीती असते. दोन-तीन महिने त्यांना हवं तेवढं वेळेवर मिळालं की ती जाते.

आता तुटवड्याच्या दिवसांचा हिशेब. ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम या बीपीच्या गोळीचं उदाहरण घेऊ. जूनमध्ये रुग्णांना ४,२०० गोळ्या गेल्या, जुलैमध्ये ४,६५०, ऑगस्टमध्ये २,४००. तीन महिन्यांची सरासरी ३,७५०. ही सरासरी मागणीपत्रात टाकली तर फसलात, कारण ऑगस्टच्या १५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंत गोळी शिल्लकच नव्हती. १७ दिवस रुग्ण रिकाम्या हाती गेले, आणि वहीने त्याचा अर्थ गरज कमी झाली असा लावला.

बरोबर हिशेब असा: जून ३० दिवस, जुलै ३१, ऑगस्टचे गोळी असलेले १४, मिळून ७५ दिवस. या ७५ दिवसांत ११,२५० गोळ्या गेल्या. म्हणजे दिवसाला १५०, महिन्याला ४,५००. आधीच्या आकड्यापेक्षा ७५० जास्त. बीपीची रोज एक गोळी धरली तर हे २५ माणसांचं महिन्याचं औषध आहे. दुरुस्ती न करता मागणी केलीत तर ही २५ माणसं पुढच्या महिन्यातही बाहेरून विकत घेतील, वापर आणखी कमी दिसेल आणि मागणी आणखी खाली येईल. तुटवडा स्वतःला असाच पोसत जातो.

इथे तीन खड्डे आहेत. पहिला, ओपीडीचे दिवस आणि कॅलेंडरचे दिवस यांची सरमिसळ. एकच पद्धत धरा, मी कॅलेंडरचे धरतो. दुसरा, माल कमी असताना आपण महिन्याऐवजी दहा दिवसांच्या गोळ्या देतो. वहीत गोळी ‘उपलब्ध’ दिसते, वापर मात्र तिसरा हिस्सा. असे दिवस वहीत वेगळ्या शाईने खुणा करून ठेवा आणि तुटवड्यातच धरा. तिसरा, बदली औषध. ५ची गोळी नाही म्हणून अडीचच्या दोन दिल्या, लहान मुलांचं सिरप नाही म्हणून गोळी अर्धी करून दिली. अशाने अडीचचा वापर फुगतो आणि ५चा मरतो. शेरा लिहिला नसेल तर सहा महिन्यांनी हे कुणालाच आठवत नाही.

आणखी एक छोटी वही ठेवा: डॉक्टरांनी लिहिलं, पण आपल्याकडे नसल्याने देता आलं नाही ते औषध. नाव, तारीख, किती रुग्ण. कुठल्याही संगणकावर ही नोंद मिळत नाही, आणि जिल्ह्याच्या बैठकीत सगळ्यात जास्त वजन याच वहीला असतं.

४. सगळ्या औषधांना एकच माप लावू नका

सरासरी वापराचं सूत्र रोजच्या औषधांना छान चालतं: पॅरासिटामॉल, मेटफॉर्मिन, ॲम्लोडिपिन, अँटासिड. काही औषधांना मात्र ते लावलं तर माणूस दगावेल.

सर्पदंशावरची लस त्यातली पहिली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालणारी ही लस विषबाधेची लक्षणं दिसताच सुरू करायची असते, आणि पहिला डोसच १० वायलचा. लहान मुलालाही तेवढाच, कारण साप चावताना वय बघून विष सोडत नाही. आता समजा वर्षाला तुमच्याकडे ३६ वायल लागतात. सरासरी महिन्याला तीन. दोन-अडीच महिन्यांचा साठा ठेवायचा म्हटला तर सूत्र सात-आठ वायल सांगेल, त्यात एका रुग्णाचा पहिला डोसही होत नाही. म्हणून इथे सरासरी बाजूला ठेवा आणि रुग्ण मोजा. एकाच रात्री दोघे आले तर? निदान २० वायल कायम, त्याखाली आकडा आला की त्याच दिवशी मागणी. पावसाळ्यात आणि फुरश्यांचा सुळसुळाट असलेल्या कोकणपट्ट्यात त्याहून जास्त. भुकटीच्या रूपातली लस खोलीच्या तापमानात टिकते, द्रवरूपातलीला मात्र २ ते ८ अंश लागतात. आपल्याकडे कुठली आली ते लेबलवर वाचा.

रेबीजची लस हे उलट टोकाचं उदाहरण. इथे पुढची मागणी तुम्हाला नावानिशी माहीत असते. त्वचेत द्यायच्या पद्धतीत ०, ३, ७ आणि २८ या दिवशी दोन्ही दंडांवर ०.१ मिली. आज पहिला डोस घेतलेला माणूस अमुक तारखांना परत येणार, हे ठरलेलं. श्वानदंश नोंदवहीतून पुढच्या महिन्याच्या कॅलेंडरवर रेघोट्या मारत जा, अर्धी मागणी तिथेच तयार होते. राहिली नव्या रुग्णांची, ती मागच्या महिन्यांवरून. फक्त एक लक्षात ठेवा: १ मिलीच्या वायलमध्ये हिशेबाने पाच जण बसतात, पण फोडलेली वायल त्याच दिवशी वापरावी लागते, उरलेली फेकायची. दिवसाला एकच रुग्ण येत असेल तर एका रुग्णाला एक वायल धरावी लागते. म्हणून ‘किती डोस’ यापेक्षा ‘किती दिवस वायल फोडावी लागली’ हा आकडा मागणीला उपयोगी. आणि वायल वाचवायला रुग्ण जमेपर्यंत पहिला डोस थांबवायचा नाही, हे खिडकीवरच्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

हंगामी औषधांना मागच्या तीन महिन्यांची सरासरी अजिबात लावू नका. जूनची ओआरएस आणि झिंकची मागणी मार्च ते मेच्या वापरावरून काढली तर वरातीमागून घोडं. मागच्या वर्षीचा जून ते सप्टेंबर बघा. झिंकमध्ये आणखी एक गोम आहे: जुलाब झालेल्या मुलाला झिंक १४ दिवस द्यायचं असतं. वापर नोंदवहीत एका मुलामागे चार-पाच गोळ्या दिसत असतील तर तुमचा आकडा गरजेचा नाही, अपुऱ्या वाटपाचा आहे. कोकणात भातलावणीच्या दिवसांत लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस या तापासाठी) डॉक्सिसायक्लिन एकदम लागतं. मे महिन्यात ते भांडारात नसेल तर जुलैत कुणाकडूनच मिळत नाही, कारण शेजारच्या केंद्रालाही तेव्हाच हवं असतं.

गरोदर मातांच्या लोहाच्या गोळ्या मात्र माणसं मोजून मागा. गरोदरपणात रोज एक याप्रमाणे १८० गोळ्या, बाळंतपणानंतर पुन्हा १८०. कॅल्शियमच्या रोज दोन. सेविकेकडे नोंद झालेल्या मातांची संख्या हीच इथली मागणी.

५. कमाल पातळी आणि मागणीचा आकडा

आता रोजच्या औषधांचं गणित. तीन आकडे लागतात. दोन मागण्यांमधलं अंतर: आपल्याकडे महिन्याला एक, म्हणजे ३० दिवस. मागणीपत्र दिल्यापासून माल कपाटात येईपर्यंतचे दिवस: हे परिपत्रकातून घेऊ नका, तुमच्या जुन्या व्हाउचरांवरून काढा. समजा २० निघाले. आणि राखीव साठा, अडीअडचणीसाठी: समजा आणखी २० दिवस. एकूण ७०.

कमाल पातळी म्हणजे हातातला, वाटेतला आणि नव्याने मागितलेला माल मिळून जास्तीत जास्त किती असावा तो आकडा: दिवसाचा वापर गुणिले हे दिवस. आपल्या ॲम्लोडिपिनची कमाल पातळी १५० गुणिले ७०, म्हणजे १०,५००. महिन्याच्या ठरल्या तारखेला भांडार, खिडकी आणि उपकेंद्रं मिळून शिल्लक मोजली, ती निघाली २,८००. मागच्या मागणीतल्या १,५०० गोळ्या मंजूर होऊन वाटेत आहेत. तर मागणी:

१०,५०० वजा २,८०० वजा १,५०० = ६,२००

‘वाटेत असलेला’ आकडा वजा करायला नव्वद टक्के लोक विसरतात आणि मग एकाच औषधाचे दोन ट्रक येतात. उलट, नामंजूर झालेला माल वाटेत धरणं हीदेखील तितकीच नेहमीची गफलत.

आकडा काढला की थांबून बघा. हातातला आणि वाटेतला मिळून ४,३०० म्हणजे जेमतेम २८ दिवसांचा साठा आहे आणि नवा माल यायला २० दिवस. म्हणजे माल येईल तेव्हा आठच दिवसांचं शिल्लक असेल, राखीव साठ्याला हात लागलेला असेल. हे औषध लाल शाईने अधोरेखित करा आणि मागणीपत्र पाठवून दोन दिवसांनी जिल्ह्याला फोन करा. एखादं औषध दहा दिवसांवर आलं तर महिन्याच्या तारखेची वाट न बघता तातडीची मागणी.

राखीव साठा सगळ्यांना २० दिवस नको. बीपी, शुगर, फिट्स, प्रसूतीसाठीचं ऑक्सिटोसिन अशांना जास्त. जीवनसत्त्वाच्या गोळ्यांना दहा दिवसही पुष्कळ.

६. खिडकीवर दोन डबे

घरी गॅसचे दोन सिलिंडर असतात, एक संपला की दुसरा जोडून लगेच नंबर लावतो. खिडकीवर तेच करायचं. जास्त चालणाऱ्या १५-२० औषधांसाठी प्रत्येकी दोन डबे, दोन्हींत सारखाच माल. पॅरासिटामॉल दिवसाला २०० जात असेल आणि खिडकी आठवड्यातून एकदा भरायची असेल, तर सहा दिवसांच्या ओपीडीला १,२०० गोळ्यांचा डबा. डब्यात तळाशी पुठ्ठ्याचं कार्ड: औषधाचं नाव, ताकद, डब्याचं माप. पहिला डबा संपला की तळातलं कार्ड भांडाराच्या दारावरच्या खिळ्याला लटकतं आणि दुसरा डबा पुढे येतो. खिळ्यावर जेवढी कार्डं, तेवढंच भरायचं.

याचा फायदा तुम्ही रजेवर असताना कळतो. गर्दीच्या दिवशी शिल्लक मोजायला कुणाला सवड नसते, कार्ड मात्र परिचरालाही कळतं. शिवाय महिन्यात कार्ड किती वेळा लटकलं ते गुणिले १,२०० हा वापराचा ताळा मिळतो. वाटप नोंदवहीतल्या बेरजेशी तो फार विसंगत असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा कुणीतरी नोंद टाळतंय.

पद्धत मोडते ती एकाच कारणाने: घाईत दोन्ही डबे एकदम फुटतात. दुसऱ्या डब्याच्या झाकणावर चिकटपट्टी लावा. झेड-पीचा दवाखाना आहे, जपानी कारखाना नाही, चिकटपट्टी लागते.

७. मागणीपत्र: फुगवू नका

जिल्हा निम्मंच देतो, म्हणून दुप्पट मागा, असा सल्ला तुम्हाला पहिल्याच महिन्यात मिळेल. देणारा मनापासून देतो. पण हातचं राखून मागणाऱ्यांमुळेच जिल्ह्याचा भांडारपाल सगळ्यांच्या आकड्यांना कात्री लावतो. कोणाचा आकडा खरा ते त्याला कळायला मार्ग नसतो. मग प्रामाणिक आकडाही निम्मा होतो आणि पुढच्या महिन्यात तोही माणूस दुप्पट मागतो. वर जिल्ह्याची एकूण मागणी फुगते, राज्याकडे चुकीचा आकडा जातो.

त्याऐवजी मागणीपत्रासोबत एक कागद जोडा: औषध, दिवसाचा वापर, तुटवड्याचे दिवस, शिल्लक, वाटेतला माल, मागणी. सहा रकाने. ६,२०० मागून ३,००० आले तर पुढच्या वेळी १२,००० मागू नका, सूत्राने येईल तेवढंच मागा आणि सातवा रकाना वाढवा: ‘मागच्या वेळी न मिळालेले’. चार-सहा महिने असा कागद गेला की भांडारपाल तुमचा आकडा कापताना विचार करतो. कदाचित लगेच फरक पडणार नाही. तरी कागद जाऊ द्या.

जिल्ह्यात मालच नसेल तर तसं लेखी घ्या. रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून स्थानिक खरेदी करायची झाली तर तो कागद वैद्यकीय अधिकाऱ्यांना लागतो, आणि पुढे ऑडिटमध्ये तुम्हाला. तोंडी ‘नाहीये हो सध्या’ यावर खरेदी करू नका.

८. माल उतरवून घेताना

गाडी आली की ड्रायव्हरला घाई असते. तरी खोके फोडून बघा: नाव, ताकद, बॅच, एक्सपायरी, संख्या. २.५ आणि ५ची वेष्टनं कधीकधी सारख्याच रंगाची असतात. इन्सुलिन, ऑक्सिटोसिन, रेबीजची लस बर्फाच्या पेटीतून आली का ते पाहा. पेटीत कोमट पाणी असेल तर तिथेच व्हाउचरवर शेरा मारा आणि जिल्ह्याला कळवा.

मार्च एंडला न मागितलेला माल येतो. त्याला पर्याय नाही असं समजू नका. त्या औषधाचा दिवसाचा वापर काढा आणि एक्सपायरीपर्यंत उरलेल्या दिवसांनी गुणून बघा. दिवसाला पाच बाटल्या जाणारं सिरप, एक्सपायरीला १०० दिवस, आणि आल्या २,०००, तर १,५०० बाटल्या इथेच कालबाह्य होणार. हे गणित एका ओळीत लिहून वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सहीने त्याच दिवशी परत कळवा. घ्यावाच लागला तर निदान ते पत्र तुमच्या फाइलला राहतं.

९. एक्सपायरी आणि देवाणघेवाण

दर महिन्याला सहा महिन्यांच्या आत संपणाऱ्या औषधांची यादी काढा. त्यातलं किती खपेल ते दिवसाच्या वापरावरून कळतं, उरलेलं शेजारच्या केंद्रांना विचारा. तालुक्याच्या औषध निर्माण अधिकाऱ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप यासाठी सोन्यासारखा आहे. मात्र माल हलवताना तालुका आरोग्य अधिकाऱ्यांची परवानगी आणि ई-औषधीवर हस्तांतरणाची नोंद हवीच. ओळखीवर पिशवीतून गेलेला माल दोन्हीकडच्या वहीत घोळ घालतो, आणि दोन्हीकडचा वापर चुकीचा दिसायला लागतो.

मुदत संपलेलं औषध वेगळ्या, कुलूपबंद खोक्यात, वर लाल अक्षरांत लिहून ठेवा. विल्हेवाट वरिष्ठांच्या लेखी आदेशानेच. परस्पर जाळू किंवा पुरू नका.

१०. आकडे कधी बदलायचे

कमाल पातळी दर तीन महिन्यांनी नव्याने काढा. मध्येच बदलावी लागते ती नवे वैद्यकीय अधिकारी आले की. आधीचे बीपीसाठी टेलमिसार्टन लिहायचे, नवे ॲम्लोडिपिन लिहितात, आणि दोन्ही औषधांचा हिशेब एका आठवड्यात उलटतो. ते रुजू झाले की पहिल्याच दिवशी जाऊन शिल्लक साठ्याची यादी टेबलावर ठेवा. कशाचा साठा पडून आहे ते दिसलं की बहुतेक डॉक्टर शक्य तिथे तेच लिहितात. यात्रा, शिबिर, ऊसतोड टोळ्यांचा मुक्काम यांची गर्दी वेगळ्या रकान्यात टाका, नाहीतर ती पुढच्या सरासरीत मिसळते.

मोठ्या रजेवर जाताना मागणीची तारीख मध्ये येत असेल तर मागणीपत्र आधीच तयार करून वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे द्या. स्टाफ नर्सना एका कागदावर तीन गोष्टी लिहून द्या: दहा दिवसांच्या खाली कुठली औषधं येऊ शकतात, जिल्हा भांडारात फोन कुणाला करायचा, आणि वीज गेली तर फ्रीजमधल्या लसी कुठल्या पेटीत हलवायच्या.